दुधाच्या गाडीतला लाल दिवा

त्या उन्हाळ्यात दूध माणसांच्या आधी तापत होतं. पहाटे काढून कॅनमध्ये भरलेलं दूध नऊ वाजेपर्यंत कसंबसं शहाण्यासारखं वागायचं, पुढे त्याचा भरवसा नसायचा. म्हणून दूध सेंटरच्या बाबूने उन्हाळ्यापुरता नियम लावला होता. गाडी नऊच्या आत फाटकात आली पाहिजे. तीनदा उशीर झाला की ती लाइन दुसऱ्या गाडीला.

लाइन म्हणजे नऊ वस्त्या, बावीस कॅन आणि एक जुनी पिकअप. त्या पिकअपवर चार माणसांचं घर चाललं होतं. मुलगा गाडी चालवायचा. सून शेजारी बसायची, वस्ती आली की उतरून दूध मोजून घ्यायची. सासू दुपारभर अंगणात बसून कॅन घासायची. चौथा म्हातारा, मुलाचा बाप. त्याला काम नव्हतं, आणि घरातली निम्मी कटकट तिथूनच सुरू व्हायची.

म्हातारा छत्तीस वर्षं वीज कंपनीत लाइनमन होता. गावात त्याला अजून वायरमनच म्हणायचे. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी लोक जिथे पेन लावतात तिथे तो टेस्टर लावायचा. उगाच जळणारा दिवा त्याला सहन व्हायचा नाही. घरात कुठे दिवा दिसला की आत कोण आहे हे न बघता तो बटण दाबायचा. सुनेने डोळ्यांत साबण असताना कितीदा तरी न्हाणीघरातून आरडाओरडा केला होता. "बाबा, मी आत आहे!" त्यावर बाहेरून उत्तर यायचं, "मग आधी सांगायचं!"

तर एका सकाळी चौथ्या वस्तीजवळ गाडीच्या डॅशबोर्डवर लाल दिवा लागला. त्यावर एक छोटी चौकोनी पेटी काढलेली होती.

"अहो, हे काय लागलं?" सून म्हणाली.

"बॅटरीचं आहे ते."

"मग थांबवून बघा की."

"गाडी चालतेय ना? चालतेय तोवर थांबवायची नसते." मुलाने त्या दिव्याकडे दिवसभर बघितलंच नाही. न बघितल्याने काही गोष्टी आपोआप जातात असा त्याचा अनुभव होता. अनुभव कुठला, ते त्यालाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने चावी फिरवली तर बोनेटखाली नुसतं टक् झालं. पुन्हा फिरवली, पुन्हा टक्. मग सून आत बसली आणि मुलगा, म्हातारा आणि पदर खोचून सासू, असे तिघे मागून ढकलायला लागले. गाडी उतारावर गेली, गचके खात सुरू झाली आणि धुराचा एक लोट सासूच्या तोंडावर सोडून, धावत आलेल्या मुलाला आत घेऊन निघून गेली. त्या गडबडीत पाऊण तास गेला होता. सेंटरवर पोचायला नऊ वाजून वीस मिनिटं झाली. बाबूने मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, आणि दोन्हींचं एकमत झाल्यावर म्हणाला, "एक."

घरी आल्यावर म्हातारा टेस्टर हातात घेऊनच दारात उभा होता. "बोनेट उघड. मी बघतो."

"बाबा, तुम्ही नका हात लावू."

"का? वीजच आहे ना ती?"

"खांबावरची वीज वेगळी, गाडीतली वेगळी. उद्या-परवा मिस्त्रीकडे नेतो."

"वीज ती वीज. तिला काय माहीत ती खांबावर आहे का गाडीत?"

मुलगा आत जाऊन आडवा झाला. सासू कॅनच्या तळाशी हात घालून म्हणाली, "मग छत्तीस वर्षं तुम्हाला पगार कशाचा दिला हो त्यांनी?" ती थट्टेने म्हणाली, पण म्हाताऱ्याच्या ते वर्मी लागलं. छत्तीस वर्षं अख्खी गावं त्याची वाट बघत अंधारात बसली होती. पावसात, वाऱ्यात तो खांबावर चढायचा आणि खाली पोरं ओरडायची, आली, आली! आता स्वतःच्या घरात त्याला बोनेट उघडायची परवानगी नव्हती. त्याला फार वाईट वाटलं.

दुपारी सगळे झोपल्यावर तो गाडीत जाऊन बसला. सीट इतकी तापली होती की त्याला आधी अर्धवट उभं राहूनच बसावं लागलं. घामाने चष्मा नाकावरून घसरत होता. त्याने चावी फिरवली, इंजिन सुरू केलं नाही, नुसती फिरवली. समोर लाल दिवा लागला.

म्हातारा त्या दिव्याकडे बघत राहिला. गाडी उभी. इंजिन बंद. कुणाला कसला उजेड नको. आणि दिवा चालू! असा दिवा दिवसभर बॅटरी खाणार नाही तर काय करणार? चोर समोर बसून डोळे वटारतोय आणि आमचे चिरंजीव मिस्त्री शोधतायत. त्याने स्क्रू काढले, पॅनेल पुढे ओढलं, मागे बोटं घालून तो करंगळीच्या नखाएवढा बल्ब उपसून काढला आणि पॅनेल पुन्हा जागच्या जागी बसवलं. चावी फिरवली. दिवा नाही. म्हाताऱ्याने रुमालाने मान पुसली आणि कितीतरी दिवसांनी तो शीळ घालत घरात आला.

सांगायचं मात्र नाही, असं त्याने ठरवलं. गाडी चार दिवस नीट चालू दे. मग जेवताना, सगळे बसले असताना, सहज सांगायचं.

दुसऱ्या पहाटे गाडी ढकलूनच सुरू करावी लागली. पण सुरू झाल्यावर मुलाने डॅशबोर्डकडे बघितलं आणि तो ओरडला, "गेला! दिवा गेला! बघ, मी म्हणालो होतो ना, आपोआप जातो!"

म्हातारा फाटकाशी उभा राहून मंद हसला.

सहाव्या वस्तीवर, नेमकं सपाटीला, मुलाचा पाय क्लचवरून सटकला आणि गाडी बंद पडली. सेल्फ मारला तर टक्‌सुद्धा होईना. मग दूध घालायला आलेली सगळी वस्ती गाडीला भिडली. त्यांत एक निवृत्त मास्तर होते. ते रोज दोन लिटर दूध घालायचे आणि चार लिटर सल्ला द्यायचे. पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत त्यांनी मागच्या फळीला एक हात लावला आणि दुसऱ्या हाताने बाकीच्यांना दिशा दाखवली. "जोर एकदम लावा! तुटक तुटक नको!" सून स्टेअरिंगवर होती, तिला लाजेने वर बघवेना. गाडी तिसऱ्या दमाला सुरू झाली तेव्हा मास्तरांच्या सदऱ्यावर शेणाचा एक पट्टा उठला होता, आणि तो कुणामुळे उठला याची चर्चा करण्यात आणखी पाच मिनिटं गेली.

सेंटरवर नऊ वाजून दहा. बाबू म्हणाला, "दोन." मग जरा थांबून, जणू उपकार करतोय अशा आवाजात म्हणाला, "आता एकच राहिली."

परत येताना घर जवळ आल्यावर सून म्हणाली, "लाइन गेली तर काय करायचं हो?" मुलगा घरी न थांबता थेट मिस्त्रीकडे गेला.

गाड्यांची वीज बघणारा मिस्त्री आसपासच्या दहा गावांत एकच होता. चष्म्याची एक काडी मोडली होती, तिच्या जागी सुतळी बांधलेली. माणसाचं बोलणं तो अर्धंच ऐकायचा, गाडीचं मात्र पूर्ण. त्याने बोनेट उघडून इंजिनावरच्या पट्ट्यावर अंगठा दाबला. पट्टा दोन बोटं आत गेला.

"हा बघ. ढिला झालाय. अल्टरनेटर फिरतच नाही नीट, मग बॅटरी भरणार कुठून?" त्याने पट्टा ताणला, बॅटरी चार्ज करून दिली, गाडी सुरू केली आणि डॅशबोर्डकडे एक नजर टाकली. "लाल दिवा आहे का? नाही. झालं तर मग."

दोन दिवस गाडी सुतासारखी सरळ चालली. घरात हसणं ऐकू यायला लागलं. मुलाने श्रेय पट्ट्याला दिलं. म्हाताऱ्याने मनातल्या मनात ते बल्बाला दिलं आणि आणखी दोन दिवस थांबायचं ठरवलं. तिसऱ्या दिवशी सेल्फ कण्हत कण्हत फिरला. चौथ्या दिवशी टक्.

त्या दिवशी त्यांनी गाडी कुठेच बंद केली नाही. मुलगा एक पाय ॲक्सिलरेटरवर ठेवून बसून राहिला आणि सून एकटीने कॅन चढवत राहिली. तिचे खांदे भरून आले होते. फाटकात गाडी शिरली तेव्हा नऊला तीन मिनिटं कमी होती. बाबूने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

मिस्त्रीने या वेळी अल्टरनेटरच उतरवला. आपल्या बाकावर मोटरीला जोडून फिरवला. मीटरचा काटा झटक्यात वर गेला. "हा तर तरणाबांड आहे," तो म्हणाला, "याला काही झालेलं नाही." त्याने तो पुन्हा चढवला, बॅटरी पुन्हा भरली. पुन्हा तेच झालं. दोन दिवस बरे गेले आणि त्यानंतर टक्. त्या दिवशी तर फाटकात शिरताना बाबूच्या घड्याळात आठ एकोणसाठ होते आणि भिंतीवरच्या घड्याळात नऊ. बाबू बराच वेळ कुणावर विश्वास ठेवावा या विचारात होता. शेवटी त्याने मनगटाचं ऐकलं, पण म्हणाला, "उद्या मी भिंतीवरचं बघणार आहे."

संध्याकाळी सगळं घरच मिस्त्रीकडे गेलं. ढकलायला माणसं लागत होती म्हणून म्हाताराही गेला. सासू तेवढी कॅनपाशी राहिली.

मिस्त्रीने गाडी सुरू करून बॅटरीला मीटर लावलं. काटा बारावर. ॲक्सिलरेटर थोडा दाबायला सांगितला. काटा बारावरच. "चालत्या गाडीत हा चौदापर्यंत जायला हवा," तो म्हणाला. त्याने डोकं खाजवलं, हाताचं काळं तेल टकलाला लागलं. "बॅटरी चांगली. अल्टरनेटर चांगला. पट्टा चांगला. मग अडतंय कुठे?"

"कुठेतरी गळती असणार," म्हातारा जाणकारपणे म्हणाला. "लाइनवर आम्ही आधी गळती शोधायचो."

"काका, सगळ्या वायरी बघून झाल्या."

सून इतका वेळ दाराला टेकून उभी होती. "एक विचारू का?" ती म्हणाली. "तो लाल दिवा आता लागतच नाही."

"बाई, तो न लागलेलाच बरा."

"गाडी सुरू झाल्यावर, हो. पण आधी नुसती चावी फिरवली की तो लागायचा. मग गाडी सुरू झाली की विझायचा. हे ढकलत असतात तेव्हा मीच आत असते ना, माझ्या समोरच असतं सगळं. आता चावी फिरवली की बाकीचे दिवे लागतात. तो तेवढा लागत नाही."

मिस्त्रीचा हात टकलावरच राहिला. त्याने गाडी बंद केली आणि चावी नुसती फिरवली. ऑइलचा दिवा लागला, बाजूचा हिरवा लागला. लाल नाही. त्याने कपाळावर हात मारून घेतला. "अरे देवा! आणि मी दिवा नाही म्हणून खूश!" त्याने भराभर स्क्रू काढले, पॅनेल पुढे ओढलं आणि आत टॉर्च मारून बघितलं. होल्डर रिकामा होता.

"बल्बच नाही इथे!"

"मग? एका बल्बाने काय होतंय?" मुलगा म्हणाला.

"अरे, याच बल्बातून थोडासा करंट आधी अल्टरनेटरला जातो. तेवढ्याने तो जागा होतो. एकदा जागा झाला की मग स्वतःचं स्वतः बनवतो. बल्ब नाही तर तो नुसता गरगर फिरतोय, झोपेत! बाकावर मी माझा बल्ब जोडला होता, म्हणून तिथे चालला."

दिवा काढल्यावर वीज कमी होते, असं म्हाताऱ्याने छत्तीस वर्षांत ऐकलं नव्हतं. तो हळूच एका जुन्या टायरवर बसला.

"पॅनेलला कुणी हात लावला होता?" मिस्त्रीने विचारलं.

"कुणीच नाही," मुलगा म्हणाला. त्याला खात्री होती. मग त्याचा आवाज बदलला. "गाडी तर तुमच्याकडेच होती दोनदा."

"म्हणजे?"

"म्हणजे काय ते तुम्हाला कळतंय."

"मी बल्ब काढला? नखाएवढा बल्ब? मी?" मिस्त्रीच्या चष्म्याची सुतळी कानावरून सुटली. "वीस वर्षं इथे बसतोय मी! चोर म्हणतोस मला?"

"चोर नाही म्हणालो. विसरला असाल बसवायला."

"पॅनेल मी आज पहिल्यांदा उघडलंय! ने ती गाडी. ने. माझ्या दारातून आधी काढ ती." त्याने पाने खणखण पेटीत टाकायला सुरुवात केली. पॅनेल वायरींवर लोंबकळत होतं.

सून दोघांच्या मध्ये शिरून कळवळून सांगत होती, अहो, शांत व्हा, उद्या सकाळी गाडी हवीय, दादा, तुम्ही तरी ऐका. कुणी ऐकत नव्हतं. म्हातारा टायरवरून सगळं बघत होता. गप्प बसलो तर कुणाला कधी कळणार नाही, हे त्याला दिसत होतं. आणि गप्प बसलो तर उद्या बाबू तीन म्हणणार, हेही दिसत होतं. शिवाय मिस्त्रीचा चेहरा. आपल्याच दारात खोटा पडलेल्या माणसाचा तो चेहरा त्याला बघवेना.

"मी काढला," तो म्हणाला.

दोघे ओरडतच होते.

"बल्ब मी काढला," तो जरा मोठ्याने म्हणाला. मुलगा त्याच्याकडे न बघताच म्हणाला, "बाबा, तुम्ही थांबा जरा."

मग म्हाताऱ्याने खांबावरून खालच्या माणसाला हाक मारावी तसा आवाज काढला. "अरे, तो बल्ब मी काढला!" आणि नेमकं त्याच क्षणी दोघेही दम घ्यायला थांबले होते. शब्द सबंध रस्त्यावर गेले. समोरच्या दुकानातला माणूस काउंटर सोडून बाहेर आला. सायकलवरून जाणारी एक बाई उतरली.

मुलगा वळला. "तुम्ही?"

"हो."

"का?"

म्हाताऱ्याने खाली बघितलं. "उगाच जळत होता."

मुलाच्या कपाळावरची शीर दिसत होती. "तुम्हाला सांगितलं होतं ना, हात लावू नका म्हणून?"

"सांगितलं होतंस."

"मग?"

"मला वाटलं, तुझं काम होईल." म्हातारा म्हणाला. खांबावरून दोनदा पडला तेव्हाही त्याला एवढं लागलं नव्हतं. सुनेने पटकन तोंड दुसरीकडे वळवलं.

पहिल्यांदा हसला तो मिस्त्री. हसत हसत तो पेटीवरच बसला, चष्मा काढून डोळे पुसायला लागला. "काका, मी आठ दिवस जे शोधतोय, ते तुम्ही एका दुपारी बंद करून ठेवलंत!" मग मुलाकडे बघून म्हणाला, "आणि तू, मला म्हणतोस!" मुलाने कान पकडला. मिस्त्रीने पेटीच्या तळातून एक जुना बल्ब काढून होल्डरात बसवला. चावी फिरवली. लाल दिवा लागला. गाडी सुरू केली. दिवा विझला, आणि मीटरचा काटा बारा सोडून चौदावर गेला. चौघेही त्या काट्याकडे बघत राहिले.

"म्हणजे," म्हातारा दबकत म्हणाला, "दिवा लागला तर बिघाड, आणि नाही लागला तरी बिघाड?"

"कधी लागतो त्यावर आहे, काका. गाडी बंद असताना लागला पाहिजे. चालू झाली की विझला पाहिजे. कुणीतरी बघत मात्र राहायला हवं."

दुसऱ्या पहाटे मुलाने गाडी दारात आणली आणि हाक मारली. "बाबा, चला."

"कुठे?"

"लाइनवर. ही दूध मोजते, मी रस्ता बघतो. दिव्याकडे बघायला माणूस नाही."

म्हातारा मध्ये बसला. गिअरचा दांडा त्याच्या दोन्ही गुडघ्यांत यायचा, दर गिअरला त्याला अंग चोरावं लागायचं. पण नऊच्या नऊ वस्त्यांवर, गाडी बंद करून पुन्हा सुरू करताना त्याने नजर हलवली नाही. "लागला!" तो म्हणायचा. मग, "विझला!" सहाव्या वस्तीवर मास्तर ढकलायच्या तयारीने बाह्या सरसावून उभे होते. त्यांना न ढकलता गाडी निघून गेल्याचं थोडं वाईटच वाटलं.

सेंटरवर आठ चाळीस. बाबूने दोन्ही घड्याळं बघितली आणि तिसरं नाही म्हणून गप्प बसला. तो घामाने निथळत होता, सदरा पाठीला चिकटला होता. टेबलावरच्या कागदाने वारा घेत तो म्हाताऱ्याला म्हणाला, "तुम्ही लाइनमन होता ना? हा पंखा बघा की जरा. कालपासून बंद आहे."

मुलाने सुनेकडे बघितलं, सुनेने मुलाकडे. पण मुलगा म्हणाला, "जा बाबा. बघा."

म्हातारा आत गेला. टेस्टर काढून हातात धरला. पंख्याकडे बघितलं, भिंतीवरच्या बटणांकडे बघितलं. मग काय वाटलं कोणास ठाऊक, त्याने टेस्टर परत खिशाला लावला.

"याला आधी कुणी हात लावला होता का?"

"नाही," बाबू खिडकीबाहेर बघत म्हणाला. "कोण लावणार?"

म्हाताऱ्याने समोरची खुर्ची ओढली आणि तो निवांत बसला. बाबूने कागद खाली ठेवला, पुन्हा उचलला. बाहेर कॅन उतरवल्याचे आवाज येत होते.

"करकर करत होता हो," बाबू शेवटी अगदी हळू म्हणाला.

म्हाताऱ्याने मान हलवली. त्याला सगळं समजलं होतं. तो बाबूच्या जवळ वाकला आणि बाहेर कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "असू दे. काय काढलंत, आणि कुठे ठेवलंत?"